१३ मॅच जिंकलेली टीम आणि तिच्यावर विश्वास न ठेवणारा बुकी: एनएफएल बेटिंगमधले आकडे सोप्या भाषेत

आधीच सांगून टाकतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, तो लंबगोल बॉलवाला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्याची प्रोफेशनल लीग म्हणजे एनएफएल. ही मॅच लावली की आधी बेटिंगची जाहिरात येते, मग कॉमेंटेटर हसतहसत ‘स्प्रेड’बद्दल काहीतरी बोलतात, मग खालच्या पट्टीवर −३.५ आणि ४७.५ असे आकडे सरकत जातात आणि नवीन माणसाला वाटतं हे तापमान वगैरे आहे की काय. त्यानंतरचा प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, की या खेळाची एवढी आकडेवारी नेटवर फुकट पडलीय, प्रत्येक प्लेचा (म्हणजे बॉल खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या एका डावाचा) हिशोब आहे, मग जरा गणित येणारा माणूस बसून पैसे का छापत नाही?

काही जण कमावतात, पण खूप थोडे. आणि ते जो प्रश्न सोडवत असतात तो आपण समजतो तो नसतोच.

हे एवढं सगळीकडे कधीपासून दिसायला लागलं

अमेरिकेत १९९२ सालचा एक केंद्रीय कायदा होता, त्यामुळे नेवाडा सोडलं तर जवळपास कुठेच खेळांवर नीट कायदेशीर बेटिंग चालत नव्हतं. न्यू जर्सी राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि १४ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला, म्हणजे आता ज्या त्या राज्याने आपलं आपण ठरवायचं. आज ३५ पेक्षा जास्त राज्यांत कायदेशीर बेटिंग आहे. गंमत म्हणजे कोर्टात याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या लीगमध्ये एनएफएलसुद्धा होती, आणि त्याच एनएफएलने २०२१ मध्ये बेटिंग कंपन्यांशी करार केले आणि २०२४ ची सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, थेट लास वेगासला भरवली. असो.

कोण जिंकणार हे कुणी विचारतच नाहीये

शर्यतीत मोठ्या भावाबरोबर धाकट्याला पळवायचं असेल तर आपण धाकट्याला दहा पावलं पुढे उभं करतो, नाहीतर मजाच नाही. स्प्रेड म्हणजे तीच दहा पावलं. तगड्या टीमसमोर −६.५ लिहिलं असेल तर त्या टीमवर पैसे लावणारा तेव्हाच जिंकतो जेव्हा ती ७ किंवा जास्त पॉइंटने जिंकते. ती ६ ने जिंकली तर स्टेडियममध्ये तिचे फॅन नाचत असतात आणि घरी हा डोक्याला हात लावून बसलेला असतो. समोरच्या टीमवर लावणाऱ्याला +६.५ मिळालेत, त्याची टीम हरली तरी ६ किंवा कमी पॉइंटने हरली की त्याचे पैसे आले. तो ४७.५ म्हणजे दोन्ही टीमचे मिळून पॉइंट, त्याच्या वर होतील की खाली एवढंच.

म्हणजे ‘ही टीम भारी आहे’ हे कळून काहीच मिळत नाही कारण भारी असण्याची किंमत आकड्यात आधीच लावलेली असते. विचारायचं हे असतं की लावलेली किंमत चुकलीय का. भाजी ताजी आहे हे सगळ्यांनाच दिसतं, भाव बरोबर आहे का हे ओळखणारा वेगळा.

११० लावा, १०० कमवा

बुकी फुकट बसलेला नाही. स्प्रेडच्या बेटवर साधारण भाव असतो −११०, म्हणजे ११० डॉलर लावले तर जिंकल्यावर वर १०० मिळतात. हरलात तर ११० गेले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १०० बेट्स घ्या आणि बरोबर ५० जिंका. आले ५,००० आणि गेले ५,५००. नाणं उडवून खेळलात तरी ५०० डॉलर खिशातून कमी. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ५२.४ वेळा बरोबर यावं लागतं. आणि १०० पैकी ५५ जिंकलात, जे लांब पल्ल्यात फार मोठं काम आहे, तर ११,००० लावून ५५० सुटतात.

एवढ्या चिंचोळ्या पट्टीत हा सगळा खेळ आहे. त्यामुळे ‘७० टक्के खात्रीचे पिक्स’ विकणारा कुणी भेटला तर त्याला एवढंच विचारा की बाबा रे, ७० टक्के येत असतील तर तू विकतोयस कशाला.

३ आणि ७ ची भानगड

या खेळात पॉइंट एकेकाने वाढत नाहीत. फील्ड गोलचे (किक मारून बॉल खांबांमधून घालवला की) ३, टचडाउनचे (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्टीत नेला की) ६ आणि त्यानंतरच्या किकचा १ म्हणजे ७. त्यामुळे मॅचचा फरकही याच आकड्यांवर येऊन थांबतो. साधारण सहा-सात मॅचमागे एक मॅच बरोबर ३ च्या फरकाने संपते, ७ चा नंबर त्याच्यानंतर. ५ च्या फरकाने संपलेल्या मॅच त्या मानाने बऱ्याच कमी.

आता एखादी लाइन (स्प्रेडच्या आकड्याला लोक लाइनच म्हणतात) −२.५ वरून −३.५ झाली तर दिसायला एकच पॉइंट सरकलाय, पण त्या एका पॉइंटने ३ च्या फरकाच्या सगळ्या मॅच तुमच्या हातून काढून घेतल्या. तोच पॉइंट −४.५ वरून −५.५ झाला तर फारसं कुणी बघतही नाही. आकडेवारी वापरणं म्हणजे काहीतरी सुपरकॉम्प्युटर वगैरे असं लोकांना वाटतं, पण खरी सुरुवात इतक्या साध्या गोष्टीपासून होते, आणि ती न बघता खेळणारे ढिगाने आहेत.

कुठले आकडे खोटं बोलतात

खोटं म्हणजे आकडा चुकीचा नसतो, आपण त्यातून काढलेला अर्थ चुकतो.

सगळ्यात जुनं उदाहरण, ‘हा रनिंग बॅक २५ वेळा बॉल घेऊन पळाला की टीम जिंकतेच.’ रेकॉर्ड काढून बघा, जवळपास खरं निघेल. पण झालंय काय, तर जी टीम पुढे असते ती शेवटी घड्याळ पळत राहावं म्हणून बॉल हातात घेऊन धावत बसते कारण पास चुकून जमिनीवर पडला तर घड्याळ थांबतं. म्हणजे जिंकत होते म्हणून पळाले, आणि आपण समजतो पळाले म्हणून जिंकले. रस्त्यावर छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला असं म्हणण्यासारखं आहे हे.

एकूण यार्डांचंही तेच. २० पॉइंटने मागे असलेली टीम शेवटच्या दहा मिनिटांत नुसते पास मारत सुटते, समोरचे पण ‘घ्या लेको यार्ड, टचडाउन नका करू’ म्हणून मागे उभे राहतात, आणि मॅच संपल्यावर कागदावर हरलेल्या टीमचे यार्ड जास्त दिसतात.

म्हणून हल्ली जो आकडा जास्त वापरतात तो म्हणजे ईपीए. एका वाक्यात, एखाद्या प्लेमुळे टीमचे अपेक्षित पॉइंट किती वाढले किंवा कमी झाले त्याचा हिशोब. मैदानात कुठे उभे आहात, कितवा डाउन (म्हणजे कितवा प्रयत्न) आहे, किती यार्ड हवेत, यावरून तिथून सरासरी किती पॉइंट होतात हे हजारो जुन्या प्लेवरून काढता येतं. मग प्लेच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, मधला फरक तो ईपीए.

जवळून बघू. चार डाउनमध्ये १० यार्ड करायचे असतात. तिसऱ्या डाउनला ८ यार्ड हवे होते आणि टीमने ७ काढले. यार्डांच्या हिशोबात मस्त, पण प्रत्यक्षात एक यार्ड कमी पडला, आता बहुतेक वेळा किक मारून बॉल समोरच्याला देऊन टाकायचा. दुसरीकडे तिसऱ्या डाउनला १ हवा होता आणि २ काढले. फक्त दोन यार्ड, पण नवे चार डाउन मिळाले, ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन पुढे सरकणं, जिवंत राहिला. यार्ड मोजणारा पहिल्याला शाबासकी देईल, ईपीए दुसऱ्याला देईल. आणि ही कल्पना काही आजकालची नाही, सिनसिनाटी बेंगल्स टीमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल या दोघांनी १९७१ मध्येच यावर पेपर लिहिला होता. खेळणारा माणूस स्वतः बसून असलं गणित करतोय हे मला अजूनही भारी वाटतं. आज १९९९ पासूनच्या प्रत्येक प्लेचा डेटा फुकट डाउनलोड होतो, लॅपटॉप असला की झालं.

नशीब वजा करायचं म्हणजे काय

माझ्या मते आकडेवारीचा खरा उपयोग इथे आहे. फंबल घ्या, म्हणजे हातातून बॉल सुटणं. बॉल सुटणं किंवा समोरच्याचा सोडवणं यात थोडं कौशल्य आहे, पण सुटल्यावर तो लंबगोल बॉल कुठे उड्या मारत जाईल आणि कुणाच्या पोटाखाली सापडेल याला काही नियम नाही, लांब हिशोबात ते जवळपास निम्मं-निम्मंच येतं. एखाद्या टीमने सीझनच्या सुरुवातीला सुटलेले बहुतेक सगळे बॉल उचलले असतील तर तिचे पॉइंट फुगलेत, आणि ते पुढेही असंच चालेल असं धरून पैसे लावणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचा पगार वाढला असं समजणं.

दुसरी जागा म्हणजे काठावरच्या मॅच, ८ किंवा कमी पॉइंटने सुटलेल्या. २०२२ च्या सीझनमध्ये मिनेसोटा वायकिंग्जने १७ पैकी १३ मॅच जिंकल्या. कागदावर एकदम जबरदस्त टीम. पण त्यांनी केले ४२४ पॉइंट आणि दिले ४२७. १३ मॅच जिंकलेली टीम एकूण हिशोबात मायनस ३! झालं असं की काठावरच्या ११ मॅच झाल्या आणि अकराच्या अकरा त्यांनी जिंकल्या, आणि हरले तेव्हा सपाटून हरले, काउबॉइजनी घरात येऊन ४०-३ मारलं. कोल्ट्सविरुद्ध तर हाफटाइमला ०-३३ होतं आणि ३९-३६ जिंकले, एनएफएलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा कमबॅक. बघायला याच्यासारखी मजा नाही. पण अकरा वेळा नाणं उडवून अकरा वेळा छापा आला तर बाराव्यांदाही छापाच येईल असं कोण म्हणेल?

प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) पहिल्याच मॅचला घरच्या मैदानावर जायंट्सकडून ३१-२४ हरले. काठावरचीच मॅच. पुढच्या सीझनला ७ जिंकल्या, १० हरल्या. (इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या सीझनला त्यांचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सचा अकिलीस टेंडन मध्येच तुटला, सगळा दोष नशीब संपल्याला देऊन चालणार नाही.)

‘अहो पण हे बुकीला माहीत नसेल का?’

माहीत असतं ना, आणि इथेच हौशी लोक आपटतात. ११ डिसेंबर २०२२, वायकिंग्ज १० मॅच जिंकून २ हरलेले, समोर डेट्रॉइट लायन्स, ५ जिंकून ७ हरलेले. शाळेतलं पोरही सांगेल फेव्हरिट कोण. पण लाइनमध्ये फेव्हरिट लायन्स होते! टीव्हीवर आश्चर्य, सोशल मीडियावर ‘बुकीला वेड लागलंय’ वगैरे. लायन्स ३४-२३ जिंकले.

म्हणजे ‘वायकिंग्ज लकी आहेत’ हे तुम्ही रात्रभर जागून शोधून काढलंत तरी ते किमतीत आधीच बसलेलं होतं. लाइन एकट्या बुकीचं मत नसतं. सुरुवातीला तो एक आकडा लावतो, मग मोठ्या रकमा लावणारे अभ्यासू लोक त्यावर पैसे टाकतात, आकडा हलतो, परत कुणीतरी टाकतं, परत हलतो, आणि मॅच सुरू होईपर्यंत बहुतेकांना माहीत असलेलं सगळं त्यात मुरलेलं असतं. घराच्या भावात जशी शाळा जवळ आहे, पाणी चांगलं आहे हे आधीच धरलेलं असतं तसंच.

बरेच जण असंही समजतात की बुकीला दोन्ही बाजूला सारखे पैसे आले की बास. तेवढंच नसतं. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं की बुकी लोकांच्या आवडीनिवडी ओळखून मुद्दाम एका बाजूला जास्त पैसे येऊ देतात, कारण लोकांचं फेव्हरिटवरचं प्रेम त्यांना परवडतं.

घरचं मैदान, वारा, दुखापती

थोडक्यात उरकतो. घरच्या मैदानाचे सरसकट ३ पॉइंट धरायचे हा जुना नियम आता चालत नाही, हल्ली बहुतेक जण २ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरतात. २०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक स्टेडियम रिकामी होती तेव्हा घरच्या टीम १२७ जिंकल्या, १२८ हरल्या, एक टाय. हवामानात लोक बर्फाला घाबरतात, पण पास आणि किकला खरा त्रास जोराच्या वाऱ्याचा होतो आणि तो एकूण पॉइंटच्या लाइनमध्ये दिसतो. दुखापतीत क्वार्टरबॅक सोडला तर एकट्या खेळाडूमुळे लाइन सहसा फार हलत नाही. आणि बातमी तुम्हाला कळेपर्यंत लाइन हललेली असते.

‘माझा मित्र तर मागच्या सीझनला जिंकला की’

जिंकला असेल, पण मुद्दा वेगळाय. समजा १,००० लोक आहेत, कुणालाच काही कळत नाही, सगळे नाणं उडवून प्रत्येकी १०० बेट लावतात. त्यातले जवळपास १८० जण ५५ किंवा जास्त बेट जिंकतील, नुसत्या योगायोगाने. हे १८० जण पुढच्या सीझनला आपली ‘सिस्टिम’ सांगत फिरतील आणि उरलेले ८२० गप्प बसतील, म्हणून आपल्याला फक्त जिंकणारेच मित्र भेटतात.

मग खरं कौशल्य ओळखायला किती बेट लागतात? ५५ टक्केवाला खरोखर ५२.४ च्या वर आहे हे जरा भरवशाने म्हणायचं तर साधारण दीड हजार. आठवड्याला ५ बेट, सीझनचे १८ आठवडे, म्हणजे वर्षाला ९०. सोळा-सतरा वर्षं झाली की नाही? तोपर्यंत पोरं कॉलेजला जातात.

‘मग चार मॅच एकत्र लावू, पैसे पण जास्त’

याला पार्ले म्हणतात, सगळे बरोबर आले तरच पैसे. जाहिराती सगळ्यात जास्त याच्याच असतात, यावरूनच ओळखा. नाणं उडवण्याच्या हिशोबात साध्या −११० च्या बेटमध्ये दर १०० डॉलरमागे सरासरी साडेचार जातात. दोन जोडले की जवळपास ९. चार जोडले की १७. बुकीचा कट प्रत्येक जोडणीला परत परत लागतो, बाकी काही नाही.

किती लावायचे याचंही सूत्र आहे, बेल लॅब्जच्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेलं. आपली धार, म्हणजे बुकीच्या भावापेक्षा आपला अंदाज, जितकी सरस त्या प्रमाणात लावा. −११० ला खरोखर ५५ टक्के येत असतील तर सूत्र सांगतं एका बेटला बेटिंगसाठी आपल्याकडे असलेल्या एकूण रकमेच्या साडेपाच टक्के, आणि त्यातले मुरलेले लोक त्याच्याही निम्मे किंवा पाव लावतात, कारण आपले ५५ खरे ५५ आहेत का हे कुणालाच नक्की माहीत नसतं. धारच नसेल तर सूत्राचं उत्तर शून्य येतं. आणि समजा धार खरंच असली, तर बऱ्याच कंपन्या जिंकणाऱ्याची लिमिटच कमी करतात, शंभर लावायला गेलात तर दहाच घेतात.

दीड हजार बेट थांबायचं नसेल तर

यासाठी एक शॉर्टकट आहे, आणि तो निकालाकडे न बघण्याचा आहे. मॅच सुरू होण्याच्या क्षणी जी लाइन असते तिला क्लोजिंग लाइन म्हणतात. तुम्ही मंगळवारी −२.५ घेतलं आणि रविवारी ती −३.५ वर बंद झाली तर तुम्ही स्वस्तात घेतलंत, मग ती मॅच हरलात तरी खरेदी चांगली होती. हे वारंवार होत असेल तर तुम्हाला बाजाराच्या आधी काहीतरी दिसतंय. उलटं होत असेल तर नाही दिसत, मग भले सध्या जिंकत असाल.

मी एक अख्खा सीझन हे वहीत केलं, एक पैसा न लावता. आठवड्याला तीन मॅच, ईपीए वगैरे सगळं बघून, आणि वहीत तीन रकाने: मी घेतलेली लाइन, बंद झालेली लाइन, निकाल. पाचव्या आठवड्याअखेर १५ पैकी ९ बरोबर होते, मी खूश, घरात सांगूनही झालं. मग एका रात्री मधला रकाना पहिल्याशी लावून बघितला. १५ पैकी ११ वेळा लाइन माझ्या विरुद्ध बाजूला सरकली होती. म्हणजे त्या अकरा मॅचमध्ये नुसतं रविवारपर्यंत थांबलो असतो तर तेच मला स्वस्तात मिळालं असतं. पुढे सीझन संपेपर्यंत निकालाचा रकाना निम्म्यावर येऊन टेकला. मधला रकाना तेव्हाही तसाच होता.